निरभ्र आकाशाची कसोटी : घरी शीट फिल्म धुताना

दाट झाडी, बाजारपेठ किंवा जुन्या वाड्याची नक्षीदार दर्शनी भिंत, अशा तपशिलाने गजबजलेल्या विषयाची फिल्म धुताना झालेली चूक बहुधा त्या तपशिलातच मुरून जाते. परंतु ज्या चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग केवळ निरभ्र आकाशाने व्यापला आहे, त्याच्या निगेटिव्हवर डेव्हलपरने कोठे अधिक काम केले आणि कोठे कुचराई केली, याचा जमाखर्च नवख्यालाही वाचता येईल इतक्या स्पष्टपणे उमटतो. चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांच्या सुट्या फिल्मवर, म्हणजे शीट फिल्मवर, छायाचित्रे घेणारे हौशी लोक आजही आहेत, आणि त्यांतील पुष्कळजण न्हाणीघरालाच अंधारखोली करून ही फिल्म घरीच धुतात. कडा गडद आणि मध्यभाग फिका, एखाद्या आकृतीखालून ओघळलेला पट्टा, आकाशात ढग नसता उमटलेले ढगासारखे डाग, ही त्यांची नित्याची फिर्याद. तीत आरोपी म्हणून रसायन, पाणी किंवा फिल्मचा कारखाना उभा केला जातो. वस्तुतः खरा अपराध बहुतेक वेळा द्रवाच्या हालचालीचा असतो.

याचे कारण समजण्यास फारशा रसायनशास्त्राची गरज नाही. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांचे डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो, आणि त्या क्रियेत सुटणारे ब्रोमाइड पुढच्या क्रियेला आवर घालते. कोडॅकच्या डी-७६ या सुविख्यात डेव्हलपरच्या एका लिटरात मेटॉल २ ग्रॅम व हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे द्रव्य अवघे ७ ग्रॅम असते. फिल्मला चिकटून असलेल्या पातळशा थरातील द्रव्य तर क्षणार्धात थकते. तो थर बाजूला सारून ताजा द्रव फिल्मच्या प्रत्येक भागावर सारख्याच प्रमाणात आणणे, एवढ्यासाठीच फिल्म हलवावयाची असते. कमी हलवली तर थकलेला द्रव एका जागी साचतो. एकाच लयीत जोराने हलवली तर ताज्या द्रवाचे प्रवाह ठराविक वाटांनीच वाहतात, आणि त्या वाटा निगेटिव्हवर कायमच्या कोरल्या जातात.

परंतु शिक्षा ठोठावण्यापूर्वी गुन्हा धुलाईतच घडला आहे काय, याची चौकशी झाली पाहिजे. रुंद दृष्टिकोनाच्या भिंगातून येणारा प्रकाश कडांकडे स्वभावतःच मंदावतो. चार बाय पाचच्या फिल्मवर ९० मिलिमीटरचे भिंग लावले असता कोपऱ्यांत मध्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे साधे भूमितीय गणित सांगते, मग आधुनिक भिंगांत ही तूट थोडीफार भरून काढलेली असो. म्हणून निगेटिव्हचे कोपरे फिके असतील तर संशय भिंगावर घ्यावा, आणि कडा गडद असतील तर धुणाऱ्याच्या हातावर. होल्डरच्या पट्ट्यांखाली झाकलेली फिल्मची किनार कोरी राहावयास हवी. तिच्यावरही काळेपणा पसरला असेल, तर फिल्मच्या डब्यात, होल्डरमध्ये किंवा अंधारखोलीत कोठून तरी प्रकाश शिरला, असे समजावे. फिल्मच्या मागील बाजूस जांभळट छटेचे डाग राहिले असतील, तर धुण्याच्या नळीच्या भिंतीला चिकटल्यामुळे पाठीवरचा रंग धुतला गेला नाही एवढाच त्याचा अर्थ. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात थोडा वेळ ठेवल्यास ते जातात. दुधाळ डाग असतील तर हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, अपुरे पडले आहे, आणि ताज्या हायपोत पुन्हा बुडवणे हाच त्यावर उपाय.

एवढे करूनही शंका फिटली नाही तर निर्णायक तजवीज अशी : सारख्या प्रकाशातील एका साध्या भिंतीची, भिंग अनंतावर ठेवून, दोन चित्रे घ्यावीत, आणि धुताना एक फिल्म तिच्या कोपऱ्यावरील खाचा वर ठेवून व दुसरी खाचा खाली ठेवून टांगावी. डाग दोन्ही फिल्मांवर खाचांच्या संदर्भाने एकाच जागी पडले तर दोष कॅमेऱ्याचा, मग तो भिंगाचा असो वा भात्यातील बारीक भोकाचा. आणि टाकीतील जागेच्या संदर्भाने एकाच जागी पडले तर तो निःसंशय धुलाईचा.

धुलाईचा ठरल्यावर डागाचा आकारच त्याचे कारण सांगतो. हँगरला, म्हणजे टाकीत फिल्म उभी धरणाऱ्या चौकटीला, टांगलेल्या फिल्मवर उजळ खिडकीसारख्या भागाखाली फिका पट्टा दिसला, तर निगेटिव्हवर दाट काळ्या झालेल्या त्या भागातून ब्रोमाइडने जड झालेला द्रव खाली ओघळला आहे आणि हलवणे कमी पडले आहे. हँगरच्या भोकांसमोर गडद रेघा दिसल्या, तर उलट हलवणे फाजील झाले आहे, कारण त्या भोकांतून द्रवाचे झोत फिल्मवर येतात. लहान, गोल व पारदर्शक ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. फिल्म आधी साध्या पाण्यात भिजवल्याने आणि डेव्हलपरमध्ये उतरताच हँगर टाकीच्या काठावर हलकेच आपटल्याने ते सुटतात. वेड्यावाकड्या लाटांसारखे मोठे डाग मात्र बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटातील दिरंगाईचे असतात, कारण कोरडे जिलेटिन त्याच वेळी झपाट्याने द्रव शोषून घेते. म्हणून फिल्म एका दमात पूर्ण बुडवून ते पहिले अर्धे मिनिट अखंड हलवत राहावे.

घरगुती कामास सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ट्रे, आणि तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही; एडवर्ड वेस्टन यांच्यासारख्या अमेरिकी छायाचित्रकाराने आपल्या आठ बाय दहाच्या निगेटिव्ह ट्रेमध्येच धुतल्या. ट्रे फिल्मपेक्षा एक माप मोठा असावा, कारण तंग ट्रेच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा नेमक्या कडांवरच अधिक काम करतात. एकच फिल्म असेल तर ट्रे कधी डावीकडून, कधी समोरून उचलावा. अनेक फिल्म असतील तर त्या साध्या पाण्यात एकेक करून भिजवून घ्याव्यात, नाहीतर कोरड्या फिल्म परस्परांना चिकटतात. मग पिसताना पत्त्याच्या जोडातील तळचे पान वर आणावे तशी तळची फिल्म काढून वर ठेवीत जावी. सहा फिल्म आणि प्रत्येकीस पाच सेकंद, अशा हिशेबाने अर्ध्या मिनिटात एक फेरी पुरी होते. हे सारे गडद अंधारात चालते, म्हणून नखे कापलेली असावीत आणि फिल्मचा कोपरा शेजारणीच्या जिलेटिनवर घासणार नाही इतकी बोटे सावध असावीत.

टाकी व हँगर वापरणाऱ्याने हँगर टाकीतल्या टाकीत ढवळू नयेत. ते पूर्ण बाहेर काढून एकदा डावीकडे व पुढच्या वेळी उजवीकडे कलते करावेत, द्रव निथळू द्यावा आणि पुन्हा बुडवावेत. फिरत्या ड्रममध्ये हालचाल अखंड असल्याने धुण्याचा अवधी सुमारे १५ टक्क्यांपर्यंत कमी करावा लागतो. ड्रम पाणसळीत नसेल तर द्रव एका टोकाला जमतो, आणि एकाच दिशेने फिरवला तर प्रवाहाची वाट ठरून जाते.

आपल्याकडील हौशी माणसापुढे याखेरीज उन्हाळ्याचे संकट आहे. कोष्टके २० अंश सेल्सिअस धरून लिहिलेली असतात, आणि वैशाखात नळाचे पाणी त्याच्या कितीतरी वर असते. तापमान एका अंशाने वाढले की धुण्याचा अवधी ढोबळमानाने एक दशांशाने घटतो. त्यामुळे आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात एचपी-५ प्लस फिल्मचे साडेसात मिनिटांचे काम २६ अंशांवर जेमतेम चार मिनिटांत उरकते. पाच मिनिटांहून कमी अवधीत मात्र सुरुवातीची किंचितशी विषमताही पुढे भरून निघण्यास वाव राहत नाही. यावर उपाय दोन : ट्रे मोठ्या घंगाळात ठेवून भोवती पिशवीबंद बर्फ ठेवणे, किंवा डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळणे. अशा द्रावणात त्याच फिल्मला २० अंशांवर १३ मिनिटे लागतात, म्हणजे २४ अंशांवरही आठ-साडेआठ मिनिटे हाताशी राहतात. मात्र द्रावण विरळ केल्यावर प्रमाणात कंजुषी नको. आठ बाय दहाच्या एका फिल्मला, किंवा तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चार बाय पाचच्या चार फिल्मांना, पाव लिटर मूळ द्रावणाचा वाटा मिळाला पाहिजे.

या साऱ्या उपायांचे सार असे की हलवण्याच्या वेळेत काटेकोर नियमितपणा हवा आणि दिशेत तितकाच अनियमितपणा हवा. वेळ बदलत गेली तर एका निगेटिव्हचा दुसरीशी मेळ बसत नाही. दिशा एकच राहिली तर एकाच निगेटिव्हच्या दोन भागांचा मेळ बसत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तापमान, प्रमाण, अवधी आणि हलवण्याची रीत वहीत नोंदवावी, आणि साध्या भिंतीचे चित्र कडेपासून कडेपर्यंत एकसारखे उतरू लागले की ती रीत, कोणी कितीही नवी युक्ती सुचवली तरी, त्या युक्तीला तशाच कसोटीवर घासल्यावाचून सोडू नये.