घरातली हिरवाई – भाग १४ : कुंडीवरची चिलटं

गेल्या आठवड्यात आपण कुंडी कधी आणि कशी बदलायची ते पाहिलं. कुंडी बदलून आठ-पंधरा दिवस होतात, मनीप्लांटला पाणी घालायला जावं तर मातीतून काळ्या बारीक चिलटांचा थवा उठतो. पावसाळ्यात हे घरोघरी होतं. मग डासांचा स्प्रे मारला जातो, कापूर जाळला जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी चिलटं पुन्हा हजर. स्प्रेने मरतात ती उडणारी, म्हणजे ज्यांचं आयुष्य तसंही आठवडाभराचंच उरलेलं असतं. त्यांची अंडी-अळ्या मातीत सुखरूप असतात. हा बंदोबस्त मातीतच करावा लागतो, आणि त्यातला निम्मा भाग पाणी घालणारा हात आवरण्याचा आहे.

आधी ओळख पटवून घ्या. ओट्यावरच्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची ती फळमाशी. मोरीच्या भिंतीवर बसणारी, केसाळ पंखांची, ती नाल्याच्या गाळातून येते. कुंडीतलं चिलट या दोघींपेक्षा सडपातळ असतं : दोन ते चार मिलिमीटर लांब, काळपट, लांब पायांचं. फार लांब उडत नाही, मातीवरच तुरुतुरु पळतं. भिंगाखाली धरलंत तर पंखावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी शीर दिसेल. ब्रॅडिसिया या गणातल्या जाती घरातल्या कुंड्यांमध्ये सर्रास आढळतात. हे चिलट चावत नाही, त्यामुळे लहान मुलांच्या खोलीत झाड असेल तरी घाबरून जायचं कारण नाही.

मादी ओल्या मातीच्या फटींत शंभर-दोनशे अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळी बाहेर येते. अळी अर्धपारदर्शक, पांढरी आणि तिचं डोकं चकचकीत काळं. ही काळी टोपी पाहिली की शंकेला जागा राहत नाही. जवळजवळ दोन आठवडे ती मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहते आणि बुरशी, शेवाळ, कुजणारा पाला खाते. अळ्या फार झाल्या की मुळांचे कोवळे केस कुरतडायला लागतात. मोठ्या, जुन्या झाडाला त्याचा फारसा फरक पडत नाही. नुकतं रुजलेलं रोप किंवा फांदीपासून लावलेली कलमं मात्र पिवळी पडून मान टाकतात. तेव्हा झाड सुकतंय म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि अळ्यांचं फावतं.

बुरशी येते कुठून? बहुतेक वेळा आपणच घालतो. कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं. वरून कोरडं दिसलं तरी बोटभर खाली चिंब असतं. पुरतं न कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ही तर मेजवानीच. आणि चहाचा चोथा! आपल्याकडे तो कुंडीत टाकायची सवय इतकी रुळली आहे की सांगायला जीव कचरतो, पण घरातल्या कुंडीत ताजा चोथा टाकू नका. तो कंपोस्टच्या डब्यात पूर्ण कुजू द्या, मग वापरा. तांदळाच्या धुवणाचंही तेच. बाल्कनीतल्या उन्हात खपून जातं ते बैठकीच्या खोलीत चालत नाही.

कोणत्या कुंडीत अळ्या आहेत हे शोधायला बटाट्याची चकती हे सगळ्यांत स्वस्त साधन. बोटाच्या पेराएवढी जाड चकती कापायची, कापलेली बाजू खाली करून मातीवर दाबून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलटी करून उजेडात बघायची. अळ्या असल्या तर ओल्या पृष्ठभागावर वळवळताना दिसतात, काहींनी बटाट्यात शिरकावही केलेला असतो. चकती अळ्यांसकट फेकून द्या आणि नवी ठेवा. सगळ्या घरावर औषध मारत बसण्यापेक्षा ज्या दोन-तीन कुंड्यांत अळ्या सापडल्या, तिथंच लक्ष द्या.

आता मुख्य उपाय. माती वरून दीड-दोन इंच खोल कोरडी होईपर्यंत पाणी घालू नका. बोट खुपसून पाहा, नुसतं नजरेनं ठरवू नका. कोरड्या थरात अंडी आणि लहान अळ्या जगत नाहीत. स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट हे सहज सोसतात. पीस लिली मान टाकून तहान सांगते आणि पाणी मिळताच उभी राहते. नेचे आणि कॅलाथिया यांना मात्र इतकं कोरडं चालत नाही. त्यांना खालून पाणी द्या : भोकाची कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवायची, मग निथळू द्यायची. मुळांना पाणी मिळतं, वरचा थर त्या मानानं कोरडा राहतो. ताटलीत साचलेलं पाणी त्याच दिवशी ओता. त्यात डेंग्यूचे डासही होतात.

एवढ्यानं भागलं नाही तर माझी पहिली पसंती ‘बीटीआय’ला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार १९७६ साली नेगेव्हच्या वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. योएल मार्गालिट आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांना तिथं डासांच्या अळ्या मरून पडलेल्या दिसल्या होत्या. याच जिवाणूच्या दुसऱ्या एका प्रकारातलं जनुक २००२ पासून आपल्या बीटी कपाशीत आहे. तिथं ते बोंडअळीवर चालतं, इथं हा प्रकार डास आणि चिलटांच्या अळ्यांवर. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्यात विष सुटं होतं. माणसाच्या पोटात ते घडत नाही. डासअळीनाशक म्हणून मिळणारी पावडर किंवा द्रावण घ्या, वेष्टनावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळा आणि तेच पाणी झाडाला घाला. दर आठवड्याला एकदा, असं तीन-चार वेळा. अंडी, कोष आणि उडणाऱ्या चिलटांवर त्याचा काही परिणाम नाही, म्हणून एकदा घालून थांबलात तर पैसे वाया गेले असंच समजा.

उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे. शेतात पांढऱ्या माशीसाठी लावतात तेच. मातीला लागून, बुटके लावा. भिंतीजवळ उंच टांगले तर पाली चिकटून तडफडतात, ते बघवत नाही. निंबोळी तेल लिटरभर पाण्यात पाच मिली, दोन थेंब साबणासह, मातीत ओतलं तर मदत होते. निंबोळी पेंड मातीवर नुसती पसरू नका, पावसाळ्यात तिच्यावरच बुरशी धरते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा बराच बोलबाला आहे. अळीला लागलं तर मारतं, पण क्षणात विरून जातं आणि मातीतल्या चांगल्या जिवाणूंनाही सोडत नाही. मी ते सुचवणार नाही.

अंड्यापासून चिलटापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा किमान महिनाभर नेट धरा. आणि नर्सरीतून काळ्या पिशवीत आणलेलं नवं रोप पहिले तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, त्यात बटाट्याची चकती लावूनच घरात जागा द्या. पुढच्या आठवड्यात जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाबद्दल.