गाझीपूरच्या डोंगरावरचे पाहुणे

पूर्व दिल्लीचा कचरा १९८४ पासून गाझीपूरला पडतो आहे. त्याचा आता डोंगर झाला आहे, आणि थंडीत त्या डोंगरावरचं आकाश घारींनी भरून जातं. खालच्या रस्त्यावरून जाणारं कुणी मान वर करत नाही. घार काय, बारा महिने दिसते!

पण डिसेंबरातल्या या घारींमध्ये पुष्कळ जणी हिमालयापलीकडून आलेल्या असतात. डोळ्यामागे गडद डाग, पंखांखाली ठळक पांढरा पट्टा. ही काळ्या कानांची घार. दिल्लीच्या घारी इथल्याच झाडांवर घरटी बांधतात, ही बांधत नाही. पक्षी-संशोधक निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही घारींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. वसंतात त्या काराकोरमच्या शिखरांवरून कझाकस्तान, रशिया, मंगोलियाकडे निघाल्या. तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास. शरद ऋतूत त्या पुन्हा दिल्लीला येतात.

हिवाळी पक्षी म्हटलं की मराठी वाचकाला उजनीचं पाणी आणि भिगवणचे रोहित आठवतात. दिल्लीतही थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. वारकरी तर मोठ्या संख्येने. काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा टिळा, म्हणून मराठीने त्याला दिलेलं हे नाव यमुनेच्या पाण्यावरही तितकंच शोभतं. उजनीला येणारा पट्टकादंब दिल्लीच्या आसपासही उतरतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू चांगला धरून ठेवतं. यंत्र बसवलेल्या एका कादंबाची नोंद ७,२९० मीटर उंचीवर झाली आहे.

काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर मात्र पक्षी पाहायला दुर्बीण लागत नाही. पहाटेच्या धुक्यात नाव पाण्यात सरकली, नावाड्याने ‘आओ, आओ’ अशी हाक दिली, की शेकडो कुरव डोक्यावर घिरट्या घालू लागतात. त्यातल्या काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं डिसेंबरात काळं नसतंच! पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे फक्त एक डाग असतो. मार्चच्या सुमारास तो काळसर रंग डोकंभर पसरतो, आणि थोड्याच दिवसांत घाट रिकामा होतो.

या पक्ष्यांच्या नोंदींची परंपरा जुनी आहे. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची संस्था निघाली. इंदिरा गांधी तिच्या सदस्य होत्या. उषा गांगुली यांचं दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये आलं. रॉयटर्सचे बातमीदार पीटर जॅक्सन यांनी गुडगावजवळच्या सुलतानपूर झिलीसाठी थेट पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिलं, आणि ती झील वाचली. १९९१ मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं, २०२१ मध्ये रामसर स्थळ. क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर.

दिल्लीजवळच्याच नजफगडच्या झिलीचं तसं झालं नाही. साहिबी नदीचं पाणी साचून इथे पूर्वी विस्तीर्ण झील होती. ते पाणी उपसून जमीन मिळवण्यासाठी नाला खोदला गेला. तोच नाला आज दिल्लीचं अफाट सांडपाणी यमुनेत नेऊन सोडतो. तरीही दिल्ली-हरियाणाच्या सीमेवर साचलेल्या या पाण्यात थंडीत रोहित उभे असतात, कादंब उतरतात, सारसांची जोडी दिसते. सुलतानपूरला तारेचं कुंपण आहे, तिकीट आहे, पहारेकरी आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने नजफगडचं मोल तेवढंच आहे, आणि त्याला तसंच संरक्षण मिळायला हवं.

थंडीत दिल्लीला जाणाऱ्यांनी यमुना घाटावर जरूर जावं, पण सूर्योदयाआधी. कुरवांना घालायला घाटावर विकली जाणारी शेवेची पाकिटं घेऊ नयेत. कुरवाचं अन्न मासे आणि किडे. तेलकट, खारट शेव त्याला अपायकारक आहे. हाक दिली नाही तरी पक्षी दिसतातच.