गोल्फ सुधारायचाय? मग तयारीला लागा!

चिकपेटमधल्या रेशमी साड्यांच्या दुकानांची सकाळ पाहण्यासारखी असते. झाडलोट होते, देवापुढे उदबत्ती लागते, गल्ल्यात सुटे पैसे मोजून ठेवले जातात. मगच मालक भवानीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. तयारीवाचून धंदा होत नाही, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

सुटीच्या दिवशी हौसेने गोल्फ खेळणाऱ्या अनेकांना मात्र नेमका याचाच विसर पडतो. धावतपळत मैदान गाठायचे, गाडीतून उतरल्याबरोबर सर्वांत लांब स्टिक हाती घ्यायची आणि जोराचा फटका हाणायचा. चेंडू जातो झाडीत आणि कंबर धरते! चार तास उन्हात चालून वैतागलेली स्वारी घरी परतते, तेव्हा त्याचा त्रास घरच्यांनाही होतोच.

एका फटक्याचे मोल

बंगळूरला गोल्फ नवा नाही. चिकपेटपासून काही किलोमीटरवर सँकी रोडला असलेला बंगळूर गोल्फ क्लब १८७६ सालचा. याच शहरातली अदिती अशोक लहानपणी कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर खेळू लागली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वाहायला होती तिची आई. चार दिवसांत २६९ फटके मारून अदिती चौथी आली. कांस्यपदक हुकले ते फक्त एका फटक्याने!

लांब फटके मारण्यात तिच्यापेक्षा सरस खेळाडू तिथे कितीतरी होत्या. अदितीला तारले ते ग्रीनवरच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या, हलक्या फटक्यांनी. यालाच पटिंग म्हणतात. मोठ्या मैदानावर १८ होलसाठी साधारण ७२ फटके ठरलेले असतात. त्यांत प्रत्येक होलला दोन पट धरले, तर ३६ झाले. म्हणजे निम्मा खेळ इथेच! मग निम्मा सराव तरी याचा नको का?

आदल्या रात्री

बॅग रात्रीच भरा. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ स्टिक चालतात. नवशिक्याला त्याहून कमी पुरतात. त्यांची तोंडे ओल्या फडक्याने पुसा, खाचांतली माती काढा. हातमोजा, टी, टोपी, छत्री, पाण्याची बाटली आणि दोन केळी बरोबर घ्या. प्रत्येक चेंडूवर पेनाने खूण करा. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात; दुसऱ्याचा चेंडू मारला, तर दंडाचे फटके पदरी पडतात.

मैदानावर

पाऊण तास आधी पोहोचा. पाच-दहा मिनिटे भरभर चाला. खांदे, कंबर, मांड्या मोकळ्या करा. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर हे टाळूच नये. मग आखूड स्टिकने हलके फटके मारा, हळूहळू लांब स्टिककडे या. शेवटची दहा मिनिटे सरावाच्या ग्रीनवर काढा. आधी लांबून चेंडू ढकलून त्या दिवशी हिरवळ किती वेगवान आहे ते पाहा, नंतर तीन फुटांवरून चार-पाच पट होलमध्ये घाला. हाताला विश्वास येतो.

प्रत्येक फटक्याआधी एकच क्रम ठेवा. चेंडूच्या मागे उभे राहून नेम ठरवा, एकदा हवेत स्टिक फिरवा आणि फटका मारा. चेंडू झाडीत गेलाच, तर फांद्यांमधून पराक्रम करण्यापेक्षा तो मुकाट्याने मोकळ्यावर काढा.

आणखी एक गोष्ट जिवाची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो. वीज कडाडली, की खेळ तिथेच थांबवा. झाडाखाली उभे न राहता पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठा.

घरच्या घरी

पटिंगसाठी मैदानच हवे असे नाही. सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवा आणि रोज दहा मिनिटे पाच-सहा फुटांवरून चेंडू त्यात घाला. गोल्फचे होल सव्वाचार इंच रुंद असते, पेल्याचे तोंड त्याहून लहान. पेल्याची सवय झाली, की मैदानावरचे होल मोठे वाटू लागते. मुलेही या खेळात हौसेने सामील होतील.

शेवटी, दुकानासारखी खेळाचीही वही ठेवा. किती पट लागले, किती चेंडू हरवले, दंडाचे फटके किती झाले, एवढेच त्यात मांडा. चार-पाच खेळांनंतर तोटा नेमका कुठे होतो ते आपोआप दिसेल. बहुतेकांना तो ग्रीनवर आणि तिच्या आसपासच सापडतो. नवी महागडी स्टिक घेण्याआधी ही वही एकदा जरूर चाळा. कदाचित तो खर्च वाचेलही!