सगळे कॉर्नेलियस एका रक्ताचे?

रोमचा इतिहास चाळताना कॉर्नेलियस हे नाव पानोपानी भेटतं आणि ही सगळी भाऊबंदकीच असावी, असं वाटू लागतं. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबलला हरवणारा स्किपिओ आफ्रिकानस कॉर्नेलियस, हुकूमशहा सुल्ला कॉर्नेलियस, इतिहासकार टॅसिटसही कॉर्नेलियसच. कूळ जुनं आणि मानाचं, यात वाद नाही. पण हे नाव लावणारा प्रत्येक जण त्या कुळात जन्मला, हा गैरसमज आहे.

नावात सर्वांत मोठी भर घातली ती सुल्लाने. इ.स.पू. 82 मध्ये रोम ताब्यात आल्यावर त्याने विरोधकांच्या याद्या चौकात लावल्या, त्यांना ठार केलं, मालमत्ता जप्त केली. त्या मालमत्तेत गुलामही आले. त्यांतले 10,000 हून अधिक तरणेबांड गडी त्याने मुक्त केले आणि त्यांना नागरिकत्व दिलं. सुटका झालेल्या गुलामाने धन्याचं कुळनाव लावायचं, हा तिथला रिवाज. म्हणजे एका फटक्यात हजारो नवे कॉर्नेलियस! यात भूतदया शोधू नये; सुल्लाला हाकेला धावून येणारी माणसं हवी होती.

दत्तकानेही नाव मिळे. इ.स.पू. 146 मध्ये कार्थेज बेचिराख करणारा स्किपिओ जन्माने एमिलियस पाउलसचा मुलगा. आफ्रिकानसच्या मुलाने त्याला दत्तक घेतलं. जन्मघराची खूण म्हणून ‘एमिलियानस’ एवढं शेपूट नावाला राहिलं.

लग्नानंतर बाई नवऱ्याचं नाव लावत असेल, हेही आपणच धरून चालतो. आफ्रिकानसची धाकटी लेक सेम्प्रोनियस कुळातल्या ग्राकस घराण्यात पडली, तिला 12 मुलं झाली, पण ती अखेरपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. मुलगे मात्र बापाचे, सेम्प्रोनियस. तिच्या थोरल्या बहिणीचं नावही कॉर्नेलियाच.

आणि एका नावाचे म्हणून एका पक्षाचे? छे! सुल्लाचा कट्टर वैरी सिन्ना, तोही कॉर्नेलियस. सिन्ना हे उपनाव दुसऱ्या कुळांतही चाले आणि त्यापायी एक कवी हकनाक मेला. इ.स.पू. 44 मध्ये सीझरच्या अंत्यविधीनंतर खवळलेला जमाव सिन्नाच्या मुलाला शोधत होता, कारण त्याने सीझरवर जाहीर टीका केली होती. सापडला तो हेल्वियस सिन्ना, सीझरचाच मित्र. लोकांनी त्याला ठार केलं आणि त्याचं मुंडकं भाल्यावर खोचून मिरवलं.