समुद्रावर निघालात? आधी तिथी बघा!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या वर्गात एकच प्रश्न असतो. "बाई, यंदा सहल कुठं?" मग मी फळ्यावर चार नावं लिहिते. किल्ला, धरण, देऊळ आणि समुद्र. हात वर करायला सांगितले, की समुद्राच्या वेळी सगळा वर्ग उभा!

आणि का नाही राहणार? आपण पडलो सातारा-सांगलीची माणसं. आपली कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर. पण माईनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि सुमारे १४०० किलोमीटर चालत ती बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाली. त्यामुळं समुद्र बघायचा तर आपल्यालाच घाट उतरावा लागतो. साताऱ्याची मंडळी उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण-गुहागरला जातात. सांगलीची मंडळी कोल्हापूर गाठून आंबा घाटानं रत्नागिरीला, नाहीतर फोंडा घाटानं कणकवली-मालवणला.

पण महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरहून लांब आहे. त्यातला आपला किनारा कोणता? कसा निवडायचा?

माझी चूक

मी एकदा फार सोप्या पद्धतीनं निवडला होता. घरातल्या कॅलेंडरवर एका किनाऱ्याचं सुंदर चित्र होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. ठरलं! सातवीची बावीस मुलं, आम्ही तीन शिक्षक आणि एस.टी.ची लाल गाडी. पोचायला दुपारचे तीन वाजले.

मुलांना मी बजावलं, "गुडघ्याच्या वर पाणी येता कामा नये." लाटा मोठ्या होत्या. पण एका जागी मात्र पाणी अगदी शांत दिसत होतं. लाट नाही, फेस नाही. मला वाटलं, मुलांना हीच जागा बरी. मीच बोट दाखवलं.

पाच मिनिटंही झाली नसतील. एक मुलगा आत आत जायला लागला. तो चांगला पोहणारा, सांगलीच्या सरकारी घाटावर शिकलेला. निघताना मलाच म्हणाला होता, "बाई, मला पवायला येतंय की!" तो किनाऱ्याकडे तोंड करून जोरजोरात हात मारत होता आणि तरी लांब चालला होता. माझ्या तोंडून आवाज फुटेना.

शेजारी जाळं विणत बसलेले एक काका धावले. त्यांनी दोरी बांधलेला मोठा फ्लोट पाण्यात फेकला आणि ओरडले, "धर! नुसता धरून ऱ्हा!" मुलानं तो धरला आणि तिघा-चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. नंतर ते काका मला एवढंच म्हणाले, "बाई, जिथं लाट फुटत नाय ना, तिथनंच पाणी परत जातं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या आईला घरी जाऊन सगळं सांगितलं. मुलांनो, त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा आणि दुपारचे तीन, या दोन गोष्टी एकत्र म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. म्हणून हा लेख.

शांत पाणी फसवं का?

लाटा येताना भरपूर पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जाणारच. वाळूत जिथं खोलगट वाट मिळेल तिथून ते एका पट्ट्यात जोरानं माघारी जातं. या पट्ट्यावर लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी जरा गडद दिसतं, कधी गढूळही. आपल्याला वाटतं, शांत आहे. खरं म्हणजे ती परत जाणाऱ्या पाण्याची वाट असते.

नदीची ओढ वाहत्या दिशेनं असते, माणूस काठाकाठानं कुठंतरी लागतो. इथली ओढ थेट आत नेते. तिच्या विरुद्ध पोहलात तर चांगला पोहणारासुद्धा दमतो. अशा वेळी घाबरायचं नाही. पाण्यावर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि पोहायचंच असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहायचं. हा पट्टा रुंद नसतो. त्यातून बाजूला झालं, की मग लाटांबरोबर काठाकडे यायचं. आणि काठावरच्यांनी मागोमाग उड्या घ्यायच्या नाहीत. दोरी, फुगवलेली ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका, स्थानिक लोकांना हाक मारा आणि ११२ हा क्रमांक फिरवा.

पहिला प्रश्न : महिना कोणता?

क्रिकेटवेड्यांना सर गारफिल्ड सोबर्सचं बार्बाडोस माहीत असेलच. वेस्ट इंडिजमधलं हे चिमुकलं बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब. पण त्याच्या पूर्वेला अटलांटिक महासागराच्या दणदणीत लाटा, तर पश्चिमेला कॅरिबियन समुद्राचं निवांत पाणी. तिथं पाहुणा आला, की पहिला प्रश्न असतो, बाजू कोणती?

आपल्या कोकणाला समुद्राची बाजू एकच, पश्चिमेची. पण आपल्याकडे ऋतू दोन आहेत. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर धडकतो आणि समुद्र खवळतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. पुढं नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मगच होड्या लोटतात. ज्यांचा जन्म पाण्यात गेला तेही थांबतात, तर आपण का घाई करायची? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने.

दुसरा प्रश्न : तिथी कोणती?

आता एक गणित करू. कॅलेंडरवर तिथी बघा. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते! चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. ओहोटीही तितकीच मोठी. जागेप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून गावात पोचल्यावर विचारायचंच.

आता सांगा, पौर्णिमेला दुपारी तीन वाजता काय चालू असतं? बरोबर! बाराची भरती, सहाची ओहोटी आणि मधल्या वेळेला पाणी भराभर मागे जात असतं. त्याच वेळी मी बावीस मुलांना पाण्यात उतरवलं होतं. कॅलेंडर मी पाहिलं होतं, पण चित्राची बाजू!

तिसरा प्रश्न : किनारा कसा आहे?

गणपतीपुळ्याला उतार एकदम आहे. दोन-चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर येतं. तिथं देवदर्शन करावं, वाळूत खेळावं, पाय ओले करावेत, बस. दापोलीजवळ कर्दे-मुरूडला किनारा सपाट, वाळू घट्ट. पळायला, कबड्डीला झकास! पण सपाट किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी लांबवर जातं आणि आपण नकळत त्याच्यामागे जातो, हेही लक्षात ठेवा. तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, भाट्याला काजळी. नदी मिळते त्या मुखाशी पाण्यात उतरायचं नाही, तिथं दोन्हींची ओढ असते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची खडकाळ वाट ओहोटीलाच मोकळी असते. लाट येत असेल तर देवाला लांबूनच नमस्कार.

काही किनारे बघण्यासाठीच असतात. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे साताऱ्यात जन्मलेल्या नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथं २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तळहाताएवढी पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे जातात. ते बघितलं, की पोहायची आठवणसुद्धा होत नाही.

चौथा प्रश्न : तिथं कोण आहे?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्री पोहण्याच्या स्पर्धा भरतात, सोबतीला राखणीच्या होड्या असतात. त्याच मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या सहलीतले आठ जण बुडाले. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याच्या सहलीतले डझनभराहून जास्त विद्यार्थी गेले. तीही हौसेनं निघालेली, डबे बांधून आलेली मुलं होती.

म्हणून पालकांनो, जिथं जीवरक्षक आहे, माणसांचा वावर आहे, तोच किनारा निवडा. "इथं कुणी नाही, किती छान!" हे समुद्राच्या बाबतीत खरं नाही. मुलं पाण्यात असतील तेव्हा मोठ्या माणसानं मुलांच्या पुढं, समुद्राच्या बाजूला उभं राहावं. आणि पहिल्यांदा भेटेल त्या कोळीकाकांना विचारा, "काका, आज उतरू का?" ते नाही म्हणाले तर नाही.

आमची सहल आजही समुद्रावर जाते. फक्त तारीख वर्ग ठरवतो. मुलं कॅलेंडर घेऊन बसतात, पाऊणपट करतात, वाद घालतात. तो पोहणारा मुलगा आता मोठा झालाय. मागच्या वर्षी त्याचा निरोप आला. धाकट्या बहिणीला समुद्र दाखवायला निघाला होता. विचारत होता, "बाई, अष्टमीला सकाळी दहा वाजता चालेल का?"

तुम्हीच सांगा, भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला. दहा वाजता पाणी कुठं चाललेलं असेल? त्याला मी काय उत्तर दिलं असेल? घरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, आईबाबांना सोबत घेऊन सोडवा बरं!