विनामूल्य ई-पुस्तके : शोध आणि वाटप



गेल्या पावसाळ्यात गगनबावडा तालुक्यातील एका शाळेस भेट दिली असता चौथीतील एका मुलीने विचारले, “साहेब, कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झाली. आता काय वाचू?” त्याच रात्री एका हयात लेखकाच्या बालकादंबरीची हाती आलेली प्रत मी उत्साहाने शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविली. दुसऱ्या दिवशी एका गुरुजींनी नम्रपणे विचारले, “लेखकाची परवानगी आहे ना?” मजजवळ उत्तर नव्हते. मी ती प्रत काढून टाकली. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे देत आहे.

फुकट मिळालेले प्रत्येक पुस्तक वाटण्यास मोकळे असतेच असे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. साने गुरुजी 1950 साली निवर्तले; म्हणून त्यांची अशी पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना मोकळी झाली. आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर 1976 साली गेले; त्यांच्या पुस्तकांवरील हक्क 2036 अखेरपर्यंत आहे. मूळ ग्रंथ मोकळा असला तरी नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, चित्रे किंवा अनुवाद यांचे हक्क स्वतंत्र असतात, हे विसरू नये. वर्गात शिकविण्यापुरता उतारा घेण्यास कायद्याने सवलत आहे; परंतु संपूर्ण पुस्तक शेकडो जणांस पाठविणे ही निराळी गोष्ट होय.

मग पुस्तके कोठे शोधावीत? मुलांकरिता ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ प्रथम पाहावे. तेथील मराठी गोष्टी वाचनक्षमतेनुसार चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. लेखक, चित्रकार व प्रकाशक यांचा नामनिर्देश करून त्या छापण्यास, वाटण्यास व आपल्या बोलीत अनुवादिण्यास परवानगी आहे. हक्कमुक्त जुने ग्रंथ मराठी विकिस्रोतावर आढळतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तके विनामूल्य देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ व बालभारतीची पाठ्यपुस्तकेही त्यांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घेता येतात.

डोंगराळ भागात पावसाळ्यात नेटवर्क मिळत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा : तालुक्याच्या गावी आल्यावर पुस्तके उतरवून घ्यावीत, पेनड्राइव्हवर केंद्रशाळेत आणावीत आणि तेथून प्रत्येक शाळेने आपल्या संगणकावर किंवा टॅबवर घ्यावीत. लहान गोष्टींची पाने छापून दोऱ्याने शिवली, तर वीज नसतानाही मुले वाचतील. ग्रंथालयाच्या नोंदवहीत अशा पुस्तकांकरिता चार रकाने आखावेत : पुस्तकाचे नाव, लेखक, कोठून मिळाले आणि वाटण्यास परवानगी कशी. चौथा रकाना भरता येत नसेल, तर ते पुस्तक पुढे पाठवू नये.

दुसऱ्याची पेन्सिल विचारल्यावाचून घेऊ नये, हे आपण मुलांस पहिलीत शिकवितो. लेखकाच्या श्रमासही तोच नियम लागू आहे. तो पाळूनही वाचावयास पुष्कळ उरते. त्या मुलीच्या शाळेत आता शिवलेल्या वीस गोष्टी पोहोचल्या आहेत. प्रत्येकीवर लेखकाचे नाव आहे.