डेव्हन ॲव्हेन्यूवरचा डावा-उजवा वास

थंडीत शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा आणायला गेलात की हातमोज्यांची अदलाबदल करून पाहा. उजवा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. दोन्ही हातांना पाचच बोटं, पण एक हात दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब.

आता दुकानात बाळंतशोपा हुंगा आणि नंतर स्पिअरमिंटचं च्युइंगगम. (रिग्लीजचं स्पिअरमिंट १८९३ साली याच शहरात सुरू झालं.) दोन्ही वासांमागचा मुख्य रेणू कार्व्होनच. अणू तेच, त्यांची जोडणीही तीच. फक्त एकातला कार्व्होन दुसऱ्यातल्याचं प्रतिबिंब असतो. आपल्या नाकातले ग्राहीही मोज्यांसारखेच, म्हणून त्यांना फरक कळतो.

वासाचं ठीक आहे. पण औषधाचं काय? पार्किन्सन्सच्या रुग्णाला एल-डोपा देतात. त्यापासून मेंदूत डोपामिन बनतं. त्याच्या प्रतिबिंबाचा मात्र उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. आणि प्रयोगशाळेत नेहमीच्या रीतीने डोपा बनवलं, तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात!

यावरचा तोडगा शिकागोहून गाडीने पाचेक तासांवर, सेंट लुईसमध्ये निघाला. मोन्सँटो कंपनीतल्या विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूला फॉस्फरस असलेले 'एकहाती' रेणू जोडले. हायड्रोजन जोडण्याचं काम धातू करतो; तो कुठल्या बाजूने जोडला जावा, हे भोवतीचे रेणू ठरवतात. १९६८ सालच्या पहिल्या प्रयत्नात शंभरातले जेमतेम ५७ रेणू हव्या त्या रूपाचे मिळाले. पुढे डायपॅम्प नावाचा जोडीदार सापडला आणि हा आकडा ९७च्या घरात गेला. शिवाय उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, त्यामुळे त्याचा एक रेणू हजारो रेणूंना वळण लावतो. मोन्सँटोत एल-डोपा याच पद्धतीने बनू लागलं. जपानमध्ये र्‍योजी नोयोरी यांच्या ऱ्होडियम-उत्प्रेरकाने मेंथॉलही बनू लागलं. २००१चं रसायनशास्त्राचं नोबेल नोल्स, नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना मिळालं.

तुमच्या घरी कुणाला पार्किन्सन्स असेल, तर गोळ्यांच्या पाकिटावर 'लेव्होडोपा' हे नाव शोधा. लेव्हो म्हणजे डावा. व्हिडिओ कॉलवर आजोबा कप न हिंदकळता चहा पिताना दिसले, तर त्यात या एका अक्षराएवढ्या फरकाचाही वाटा असतो.